एक गल्ली आधी उतरायचं

माझं डोकं फिरलंय, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की दर्शना तोंडाने फटकळ आहे. आहेच मी फटकळ. भांडुप स्टेशन ते खिंडीपाडा रिक्षा चालवते, दिवसभर मागच्या सीटवर कसले कसले नमुने बसतात ते माझं मला माहीत. गप्प बसणारी असते तर लोकांनी मला मीटरसकट गिळलं असतं. पण आज मी माझं रडगाणं गात नाही. आमच्या शेजारच्या प्रेमाकाकीचं सांगते, कारण ती स्वतः कधी सांगणार नाही. तिला विचारलं तर म्हणेल, "जाऊ दे गो, झाला ता झाला." मी नाही जाऊ देत.

प्रेमाकाकी मालवणकडची. लग्न होऊन भांडुपला आली ती आमच्या टेकडीवरच्या चाळीतच राहिली. नवरा धोंडूकाका विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखान्याने गाशा गुंडाळला तेव्हा बाकीचे वॉचमन झाले, आणि हा माणूस वरातीची घोडी घेऊन आला. कोकणातला माणूस, सुरमई ताजी की शिळी ते लांबून सांगेल, पण घोडी? तरी शिकला. वरातीत पुढे दोरी धरून चालायचं काम काकांचं. बाकी सगळं काकीचं. दाणापाणी तिचं, लीद काढणं तिचं, खूर साफ करणं तिचं, झुलीवरची टिकली निखळली की सुईदोरा घेऊन बसायचं तेही तिचंच. इतकी वर्षं दारात घोडी, पण दोघांपैकी एकही कधी तिच्यावर बसलं नाही. धंद्याची रीतच तशी. वर बसतो तो एका संध्याकाळचा राजा, मालक आपला खाली, पायी. आणि बाईने तर बसायचंच नाही. बाई बसली की घोडी बाटते म्हणे, मग तिच्यावर नवरदेव बसत नाही. स्वतः बाईच्या पोटातून आलेला, आणि त्याला बाई बसलेली घोडी चालत नाही. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

काका हार्ट अटॅकने गेले. तेरावं व्हायच्या आत त्यांच्या मुलाने, नितेशने, घोडी विकून टाकली. नितेश अंधेरीला गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, टाय लावतो, कांजूरमार्गला फ्लॅट घेतलाय. मुलगा वाईट नाही हो. आईची औषधं न चुकता आणून देतो. पण घोडी विकताना आईला विचारलं का? नाही. घोडी बापाची होती, म्हणजे आता आपली, असं तो धरूनच चालला. आजवर लीद कोणी काढली, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही. बाहेर टेम्पोत चढवताना घोडी खिंकाळली तेव्हा आत कोपऱ्यात बसलेली काकी उठली होती. पाहुण्यांच्या बायकांनी तिला हाताला धरून खाली बसवलं, सुतकात बाहेर जाऊ नये म्हणून. मी तिथेच होते. मलाही तेव्हा काही सुचलं नाही.

मग काकी पोळ्या लाटायला जाऊ लागली. अशीच वर्षं चालली होती, तोच एक दिवस घाटकोपरहून धाकूकाका आले. हे काकांचे जुने दोस्त, यांचाही धंदा घोडीचाच. म्हातारपणी गावाला जायचं ठरवलं होतं. म्हणाले, "वहिनी, माझी शेवंती भलत्याच्या हातात द्यायला मन होत नाही. तुम्ही ठेवता?" काकीने नितेशला फोन केला नाही. हातातल्या पाटल्या मोडल्या आणि शेवंतीला घरी आणलं. पांढरी शुभ्र घोडी, स्वभावाने गरीब, एक कान जरासा वाकडा. नितेशला कळलं तेव्हा ती गोठ्यात उभी राहून हरभरा खात होती.

तो चिडला. म्हणाला, "आई, तुझा गुडघा गेलाय, तुला चालवत नाही, आणि तू घोडी काय आणतेस?" गुडघा खरंच गेला होता, डॉक्टरने लांब चालायला बंदी केली होती. बरीच वादावादी झाली. शेवटी नितेश म्हणाला की कर्जतला एक रिसॉर्टवाला आहे, माझा गिऱ्हाईक, त्याला बग्गीला घोडी हवीच आहे. दिवाळीनंतर लग्नं सुरू होतील. पहिली ऑर्डर नीट पार पाडून दाखव, मग ठेव. नाही जमलं तर मी त्याला हो सांगणार. काकी "बरां" म्हणाली. आईने स्वतःच्या पाटल्या मोडून आणलेली घोडी, आणि परीक्षा घेणार मुलगा. वा रे वा.

ऑर्डर मिळायची ती भाऊरावकडून. भाऊराव मुलुंडचा बँडवाला. बँड, लायटिंग, जनरेटर, घोडी, सगळं तोच जमवून देतो. गळ्यात एक चांदीची शिट्टी असते, ती वाजली की वरात हलते, परत वाजली की थांबते. त्याने काकीला ऑर्डर दिली, पण दोन अटींवर. दोरी पुरुषमाणसाने धरायची. आणि वरात उभी राहिली की काकीने जनरेटरच्या गाडीमागे जाऊन थांबायचं, पुढे यायचं नाही. "समजून घ्या वहिनी, शुभकार्य असतं, लोकांना चालत नाही," असं म्हणाला, अगदी गोड आवाजात. म्हणजे घोडी तिची, दाणा तिचा, झुलीला टाका तिचा, आणि तिने उभं राहायचं डिझेलच्या धुरात, कारण तिचा नवरा मेला. तो काय तिने मारला?

आम्हा बौद्धांत असलं काही नाही, असं मी काकीला मोठ्या तोंडाने सांगितलं. सांगून झाल्यावर आठवलं, माझ्या चुलतभावाच्या हळदीला, बाबा गेल्यानंतर, माझी आई आपण होऊन मागच्या रांगेत जाऊन बसली होती. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. खोटं कशाला बोलू.

दोरी धरायला नितेश तयार झाला. तो ऑफिसातून परस्पर मुलुंडला येणार होता. पण घोडी भांडुपहून मुलुंडला नेणार कोण? शेवंती टेम्पोत चढत नव्हती, फळी दिसली की मागे मागे सरायची. पायी न्यायची तर काकीचा गुडघा. दुसरा माणूस ठेवायचा तर लगीनसराईत माणूस मिळत नाही. इथेच सगळं अडलं होतं. काकी दोन दिवस जेवली नाही धड. मग मीच बोलून गेले, "काकी, खालून चालवत नाही ना, मग वर बस."

ती हसली. मग शेवंतीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "माका जमतला?"

आमच्याकडे पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेने एक सरळ रस्ता जातो. सकाळी तिथे फिरायला येणारी म्हातारी माणसं आणि कुत्री, बाकी कुणी नाही. तिथे शिकायचं ठरलं. वरातीचं खोगीर उपयोगाचं नव्हतं, ते म्हणजे मखमलीचा सोफा असतो, त्यावर नवरदेव नुसता मांडून ठेवायचा. धाकूकाकांनी एक जुनं चामड्याचं खोगीर दिलं होतं ते बांधलं. साडी नेसून बसता येईना, तेव्हा काकीने ट्रंक उघडून काकांची कंपनीची निळी पँट काढली, कमरेला नाडी ओवली आणि वर कुर्ता घातला. चढायला माझी रिक्षा. रिक्षाच्या पायरीवर उभं राहायचं, डावा पाय रिकिबीत अडकवायचा आणि उजवा पलीकडे टाकायचा. सुरुवातीला उजवा पाय पलीकडे जाईचना. अर्ध्या वाटेवर लटकून काकी "गो बाय माझे" म्हणत परत रिक्षात येऊन बसायची, आणि शेवंती मान वळवून बघायची की हे काय चाललंय.

एकदाची चढली. आणि शेवंती हलेना.

काकीने टाच लावली, लगाम हलवला, "चल गो" म्हणाली, शिव्या दिल्या, गुळाचं आमिष दाखवलं. घोडी पुतळा. मी वैतागून पुढे आले, बघायला की हिच्या तोंडाला काय झालं, आणि वळून दोन पावलं चालले, तर ही माझ्या मागून निघाली. मी थांबले, ती थांबली. मी टपरीकडे वळले, तर काकीला घेऊन तीही टपरीवर. तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली. या घोडीने जन्मभर समोर माणसाची पाठ बघूनच पाऊल टाकलं होतं. पाठ नाही तर तिला रस्ताच दिसत नव्हता. मला तिचा राग यायचा थांबला, कारण अशा पुष्कळ बायका मला माहीत आहेत.

मग मी पाठीच्या जागी रिक्षा लावली. रिक्षा पुढे, शेवंती मागे. ते जमल्यावर रिक्षा तिच्या तोंडाशी घेतली, मग मानेशी, मग पोटाशी. रोज थोडी थोडी मागे. मध्ये एकदा तिने रुसून सगळं विसरल्याचं सोंग केलं, एकदा काकी घसरून गवतात पडली आणि चार दिवस कंबर शेकत बसली. पण एका सकाळी मी रिक्षा तिच्या शेपटीच्याही मागे घेतली आणि बंदच करून टाकली. त्या दोघी पुढे चालत राहिल्या. काकीला पत्ताच नाही. बरीच लांब गेल्यावर तिने बाजूला बघितलं, मी नाही, मागे बघितलं, मी लांब उभी, आणि तिचा चेहरा असा झाला की मला रडायला आलं. शेवंती थांबली नाही. त्या दुपारी काकीने मला बांगड्याचं तिखलं आणि भाकरी पोटभर खायला घातली.

पुढचं संकट ढोलाचं. वरातीत लोक नाचायला लागले की घोडीने थांबायचं असतं, हे शेवंतीच्या अंगात मुरलेलं. आणि आमच्या भांडुपमध्ये रोज कुठे ना कुठे काहीतरी बडवत असतातच. एका सकाळी सार्वजनिक शौचालयाचं उद्घाटन होतं, ढोल वाजत होता, तर ही थेट तिथे जाऊन उभी राहिली आणि पुढचे पाय नाचवायला लागली. वर काकी, निळ्या पँटीत. लोकांनी मोबाइल काढले. संध्याकाळपर्यंत आमच्या टेकडीवरच्या प्रत्येक फोनमध्ये ते पोहोचलं होतं, खाली लिहिलेलं, म्हातारीला घोड्यावरून वरात काढायची हौस. काकी पंचावन्नची आहे. आणि हौस असली तर काय झालं, तुमच्या बापाच्या घोडीवर बसली काय?

भाऊरावचा फोन आलाच. "मी बघितलं वहिनी. मी काही म्हणत नाही. पण गिऱ्हाइकाला कळलं तर माझी वाट लागेल. एक गल्ली आधी उतरायचं. साडी नेसायची, मखमल चढवायची आणि मग दोरी धरून चालत यायचं." फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडणार तोच काकीने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "उतरान. पोचल्याशी मतलब." तिला घोडी ठेवायची होती. त्यापुढे तिला बाकी सगळं लहान वाटत होतं.

ढोलाचा इलाज आम्ही असा केला. मी रिक्षात स्पीकर लावायची, त्यावर बँडची गाणी. ढोल वाजला की काकी टाच लावायची आणि "चल गो" म्हणायची, थांबली नाही तर गूळ. दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत शेवंती अशी झाली की कानाशी ताशा वाजला तरी काकीच्या टाचेखेरीज कुणाचं ऐकायची नाही. आम्ही दोघी खूश. अकलेचे कांदे आम्ही.

लग्न मुलुंडला होतं, गोरज मुहूर्ताचं, म्हणून चार वाजता वरात. काकी भांडुपहून एलबीएस रोडने घोडीवर निघाली, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने, आणि मागून मी दोन्ही इंडिकेटर लावून, तिला कुणी घासू नये म्हणून. पाठ ताठ, नजर समोर. सिग्नलला हवालदाराने बघितलं आणि हात करून आडव्या गाड्या थांबवल्या. मी बघत होते आणि मला वाटत होतं की काकांनी हे बघायला हवं होतं. मग हॉलच्या एक गल्ली आधी ती उतरली. माझ्या रिक्षात पडदा धरून पँटीवरच साडी गुंडाळली, चामड्याचं खोगीर माझ्या मागच्या सीटवर टाकलं, मखमल चढवली, आणि "चल गो" म्हणत, लंगडत दोरी धरून चालायला लागली.

नितेश टायवर फेटा बांधून उभा होता. त्याने दोरी घेतली आणि हळूच म्हणाला, "आई, तू आता मागे जा." काकी गेली. मी रिक्षा रस्त्यापलीकडे लावून तिच्याबरोबर गेले, कारण मला कुणी अडवलं तर हवंच होतं.

जनरेटरच्या मागे एक बाई आधीच उभी होती. फिक्या रंगाची चांगली रेशमी साडी, केसात काही नाही. मला वाटलं, गरम होतंय म्हणून आली असेल. काकीने विचारलं, "तुमी हंय कशा?" ती जरा सरकली, काकीला जागा दिली आणि म्हणाली, "मुलाची आई मी. पुढचं सगळं जाऊबाई बघतात. माझे मिस्टर नाहीत ना." जनरेटर इतका आवाज करत होता की तिला हे मोठ्याने सांगावं लागलं. स्वतःचा पोरगा घोड्यावर चढत होता आणि ही लायटिंगच्या वायरींमधून मान काढून बघत होती. माझ्या तोंडात आलेल्या शिव्या मी गिळल्या, ती बाई ऐकेल म्हणून.

तिकडे जाऊबाईंनी घोडीला ओवाळलं, हरभऱ्याची डाळ आणि गूळ खायला घातला, ताट एका खुर्चीवर ठेवलं. राजेश, म्हणजे नवरदेव, वर बसला. भाऊरावने शिट्टी फुंकली, बँड सुरू झाला, नितेश दोरी धरून पुढे निघाला. शेवंती जागची हलली नाही.

परत शिट्टी. नितेशने दोरी ओढली. शेवंतीने मान ताणली, पाय नाही उचलला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. समोरची पाठ बघून चालायचं नाही, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. ती टाचेची वाट बघत होती, आणि नवरदेव मखमलीच्या सोफ्यावर तंगड्या पसरून आरामात बसलेला. काकीने माझ्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. लोक कुजबुजायला लागले की घोडी अडली, लक्षण बरं नाही. नितेशच्या कपाळावर घाम. भाऊराव शिट्टीवर शिट्टी फुंकतोय. आणि काकीला राहवेना, मागूनच ओरडली, "शेवंते, चल गो."

घोडी चालायला लागली. ऐटीत, मान वर करून. दोन क्षण सगळे खूश झाले. मग जाऊबाई घोडीला आडव्या आल्या, म्हणाल्या, "कोण ओरडलं ते?"

भाऊराव म्हणाला, मालकीण आहे घोडीची. जाऊबाई म्हणाल्या, मग बोलवा की पुढे, तिचं ऐकते तर तिनेच दोरी धरावी, सवाष्ण आहे ना? भाऊराव बुटांकडे बघायला लागला. नितेश दोरी धरून दगडासारखा उभा. कुणीतरी मोबाइल पुढे केला, की अरे ही तर तीच, घोडीवर बसणारी. मग काय, संपलं. जाऊबाईंचा आवाज चढला, अपशकुन, विटाळ, पोराच्या आयुष्याचा प्रश्न. इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली माणसं होती आजूबाजूला, गॉगल लावून. एकाने तोंड उघडलं नाही. राजेशला खाली उतरवलं. त्याने एकदा जनरेटरकडे, आपल्या आईकडे बघितलं, आणि काकू म्हणते तर ठीक आहे, म्हणून सजवलेल्या गाडीत जाऊन बसला. घोड्यावरून उतरायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढाही त्याने विचार केला नाही.

काकी जनरेटरच्या मागून बाहेर आली. मला वाटलं, आता ही हात जोडणार, माफी मागणार, घोडी वाचवायला काहीही करणार. ती सरळ शेवंतीपाशी गेली आणि साडी वर खोचली. खालून काकांची निळी पँट दिसायला लागली. चढायला काही दिसतंय का, म्हणून तिने इकडे तिकडे बघितलं. माझी रिक्षा गर्दीच्या पलीकडे अडकलेली.

तेव्हा नवरदेवाची आई बाहेर आली. तिने खुर्चीवरचं ते ताट उचललं. डाळगुळाची मूठ भरली आणि शेवंतीला स्वतःच्या हाताने खायला घातली. "वहिनी, काय करताय तुम्ही," जाऊबाई म्हणाल्या. तिने ताट खाली ठेवलं, खुर्ची उचलून घोडीशेजारी मांडली, आणि काकीने त्यावर पाय द्यावा म्हणून ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.

काकी चढली. पहिल्या खेपेत, उजवा पाय पलीकडे. वर बसून तिने पदर सारखा केला. दोरी अजून नितेशच्या हातात होती.

"नितेश, दोरी सोड."

"आई, लोक बघतायत."

"बघूंदेत. सोड."

त्याने सोडली. काकीने टाच लावली. समोर सगळा बँड, ताशा, ढोल, भाऊरावची मंडळी अजून वाजवतच होती, कारण थांबायची शिट्टी कुणी दिली नव्हती. शेवंतीचे कान फिरले. एक पुढचा पाय तिने नाचायला उचललाही. काकी काहीतरी पुटपुटली, आणि तो पाय नाचायच्या ऐवजी पुढे पडला. मग दुसरा. वाजवणारे आपसूक बाजूला झाले. मखमलीची झूल, टिकल्या, तुरा, आणि मधे आमची काकी, बँडमधून निघून गेली. पुढे नवरदेवाची गाडी त्याच्याच वरातीत अडकली होती. काकी तिच्या काचेशेजारून गेली, आत बघितलं नाही.

ती त्या दिवशी कुठल्याच गल्लीत उतरली नाही. भांडुपच्या गोठ्यापर्यंत घोडीवर आली.

पण म्हणून सगळं गोडगोड झालं असं समजू नका. भाऊरावने फोन बंद केला, तो बंदच आहे. बाकीच्या बँडवाल्यांनाही त्याने सांगून ठेवलंय. काकी परत पोळ्या लाटायला जाते, आणि ती पोळ्या लाटते तेव्हा शेवंतीचा हरभरा येतो. परीक्षेचा निकाल तर उघडच होता, पहिली ऑर्डर पार पडली नव्हती. रविवारी कर्जतवाला टेम्पो घेऊन आला, लांब फळीचा, सोबत दोन दांडगे गडी. नितेशही आला. मी रिक्षा आडवी लावून ठेवली होती आणि काय काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं.

कर्जतवाल्याने घोडीभोवती फेरी मारली, दात बघितले, नितेशला विचारलं, "नेऊ मग?"

नितेशने गोठ्यात आईकडे बघितलं. मग म्हणाला, "घोडी माझी नाही. आईची आहे. तिला विचारा."

काकी शेवंतीचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होती. तिने मान वरही केली नाही. "विकूची नाय," म्हणाली.

टेम्पो गेला. मी नितेशला तोंडावर सांगितलं की एवढंच बोलायचं होतं बाबा, आणि मुलुंडच्या रस्त्यावर बोलला असतास तर तुझ्या आईला खुर्ची धरायला परकी बाई लागली नसती. घोडी कुणाची, हे कळायला तुला बापाच्या तेराव्यापासून आजचा रविवार लागला. त्याने शर्टच्या बाह्या वर केल्या, कोपऱ्यातली पाटी घेतली आणि वाकून लीद भरायला लागला.